आपल्या हाताचें माप

आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन जवळ येऊं लागलें म्हणजे मधल्या सुटींत वर्गाच्या दाराशीं एक-दोन विद्यार्थी घुटमळूं लागतात. कोणाच्या हातांत छापील पानें असतात, कोणाच्या हातांत मोबाईल. मोबाईलच्या पडद्यावर कोठल्या तरी दूर देशींचा एखादा दहा वर्षांचा मुलगा पियानोच्या पट्ट्यांवरून विजेसारखीं बोटें फिरवीत असतो. चित्रफीत संपते आणि मग प्रश्न येतो, "सर, हें मला बसेल का?"

प्रश्न लहान आहे. परंतु त्याचें उत्तर आम्हांस प्रत्येक वेळीं बरोबर देतां आलें असें नाहीं. एकदां तर तें इतकें चुकलें कीं, त्या चुकीची भरपाई आमच्याऐवजीं एका मुलीस करावी लागली. ती हकीकत येथें सांगावी, आणि एखादी रचना आपल्या आजच्या योग्यतेची आहे किंवा नाहीं हें कसें पारखावें याविषयीं जें थोडें आम्हांस कळलें आहे तेंही सांगावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम वाद्याविषयीं दोन शब्द. आमच्याकडील बहुतेक मुलांच्या हातांत पियानोपूर्वीं बाजाची पेटी किंवा विजेचा की-बोर्ड आलेला असतो. तिन्हींच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसावयास सारख्या. त्यामुळें एकावर जमलें तें दुसऱ्यावर जमेलच असें वाटतें. वास्तविक पेटीवर एक हात भात्यास गुंतलेला असतो, म्हणून सगळें गाणें एकाच हाताच्या बोटांवर चालतें. पियानोवर दोन हातांना दोन निराळीं कामें असतात व तीं एकाच क्षणीं करावयाचीं असतात. पेटीच्या आवाजाचा लहान-मोठेपणा भात्यावर अवलंबून असतो. पियानोंत मात्र प्रत्येक पट्टीच्या मागें तरफांच्या योजनेनें जोडलेली एक हातोडी असते, आणि बोट ज्या वेगानें पट्टी खालीं नेईल त्या मानानें ती तारेवर आदळते. म्हणजे प्रत्येक स्वर मोठा कीं लहान हें प्रत्येक बोटास स्वतः ठरवावें लागतें. साध्या की-बोर्डाच्या पट्ट्या हलक्या असतात आणि पुष्कळदां 61 च असतात. पियानोच्या 88 पट्ट्यांना वजन असतें. घरच्या की-बोर्डावर तीन मिनिटें धांवणारीं बोटें आमच्या सभागृहांतील जुन्या उभ्या पियानोवर एका मिनिटांत दमतात. म्हणून "मला हें वाजवितां येतें" असें कोणी म्हटलें तर कोणत्या वाद्यावर, किती हातांनीं आणि कोणत्या लयीनें, हें आधीं विचारलें पाहिजे.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून आलें नाहीं. आम्ही सोळा वर्षांचे असतांना मिशनच्या वसतिगृहांत राहून शिकत होतों, आणि आठवड्यांतून दोन दिवस एक वृद्ध बाई आम्हां चार-पांच मुलांना पियानो शिकवीत असत. त्या वर्षीं संमेलनांत वाजविण्यासाठीं आम्हीं बेथोव्हेन यांची 'फ्यूर एलीझ' ही रचना निवडली. ही छोटी रचना त्यांनीं 1810 सालीं लिहिली. ती छापून निघाली 1867 सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनीं. परंतु आज तिच्या आरंभींचे सूर कोणास ठाऊक नाहींत? एक पांढरी व एक काळी अशा लगतच्या दोन पट्ट्या आलटून पालटून दाबीत ती सुरू होते. पहिल्या भागांत दोन्ही हात बहुतांशीं एकामागून एक येतात. एकानें बोलावें आणि दुसऱ्यानें त्याचें बोलणें पुढें न्यावें, असा तो प्रकार आहे. आम्हीं तो भाग दहा दिवसांत बसविला आणि आपण वादक झालों असें आम्हांस वाटूं लागलें.

बाईंनीं विचारलें, "सगळीं पानें पाहिलींस ना?"

आम्हीं सांगितलें, "होय, बाई."

तें खरें नव्हतें. पहिल्या पानापलीकडे आम्ही गेलोंच नव्हतों. या रचनेंत ती प्रसिद्ध चाल तीनदां येते आणि तिच्या मध्यें दोन निराळे भाग आहेत. पहिल्या मधल्या भागांत सूर एकाएकीं उजळतात आणि उजव्या हातास अत्यंत बारीक स्वरांची धांव घ्यावी लागते. दुसऱ्यांत डावा हात खालचा एकच स्वर घंटेसारखा सारखा वाजवीत राहतो, व त्याच्या शेवटीं उजवा हात पट्ट्यांच्या वरच्या टोकाकडे चढून एकेक पट्टी न वगळतां खालीं उतरतो. हें सर्व आम्हीं उरलेल्या आठ दिवसांत कसेंबसें बोटांखालीं घातलें.

संमेलनाच्या रात्रीं पहिला भाग उत्तम झाला. पुढील बारीक स्वरांपाशीं येतांच हात अडखळले. घाबरून आम्ही पुनः आरंभाच्या चालीकडे वळलों; ती तरी येत होती! पुनः तीच जागा आली, पुनः अडलों, पुनः आरंभ. असें किती वेळां झालें तें आज आठवत नाहीं. अखेर पहिल्या भागाच्याच शेवटच्या स्वरावर थांबून आम्हीं नमस्कार केला. खालीं आल्यावर एका पाहुण्यांनीं पाठीवर हात ठेवून म्हटलें, "चाल गोड आहे हो, पण एकच ओळ फार वेळां येते."

दुसऱ्या दिवशीं बाई रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "बाळ, तुझ्या बोटांची चूक नव्हती. तूं ओसरी पाहून घर घेतलेंस." नंतर त्यांनीं आम्हांस ज्या कसोट्या शिकविल्या त्याच आम्ही आजवर वापरीत आलों आहों.

पहिली कसोटी डोळ्यांची. वाद्यास हात लावण्यापूर्वीं रचनेचीं सगळीं पानें शेवटापर्यंत उलटावीं. आरंभीं किती शार्प किंवा फ्लॅट दिले आहेत, मध्यें ते बदलतात काय, दोन्ही हात एकाच वेळीं निरनिराळ्या चालीनें जातात काय, आणि कोणतें पान सर्वांत काळें दिसतें, हें पाहावें. जेथें स्वरांची दाटी तेथें शाई अधिक. परीक्षेस आरंभ त्या काळ्या जागेपासून करावा. पहिली ओळ शेवटीं पाहिली तरी चालेल. ती बहुधा आपणांस आंत बोलाविण्यासाठींच असते.

दुसरी कसोटी संथ वाचनाची. दोन्ही हातांनीं, लाज वाटेल इतक्या संथ लयीनें, एक पान पहिल्यानेंच वाचून वाजवावें. जेथें हात थांबेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी, पण मागें न वळतां पुढें जावें. पानभर तीन-चार खुणा झाल्या तर रचना आपल्या हाताची आहे. प्रत्येक ओळींत तितक्या झाल्या तर ती पुष्कळ महिन्यांचें काम आहे; तेवढे महिने हातांत आहेत काय, तें पाहावें. दोन उभ्या रेघांमधल्या ज्या घरास बार म्हणतात, अशा प्रत्येक बारमध्यें खूण झाली तर पुस्तक मिटावें.

तिसरी कसोटी धीराची. सर्वांत कठीण असे दोन बार निवडावे आणि आठ दिवस रोज पंधरा मिनिटें तेवढेच वाजवावे. आधीं एकेका हातानें, मग दोन्हींनीं. लय मोजण्यासाठीं मेट्रोनोम घ्यावा. ठरलेल्या गतीनें ठोके देणाऱ्या या यंत्राचें पेटंट माल्झेल यांनीं 1815 सालीं घेतलें. हल्लीं तें मोबाईलमध्येंही मिळतें. रचनेस मिनिटाला 120 ठोक्यांची लय हवी असेल तर आपण 60 वर ठेवावें. आठव्या दिवशीं ते दोन बार या अर्ध्या लयीनें सलग तीन वेळां निर्दोष आले तर पुढें जाण्यास हरकत नाहीं. न आले तर ती रचना कपाटांत ठेवावी; कायमची नव्हे, सहा महिन्यांपुरती. कित्येक विद्यार्थी सोप्या बारची लय धरून चालतात आणि कठीण बार आला कीं मंदावतात. परंतु जोडींतला जो बैल मागें पडतो त्याच्याच चालीनें गाडी चालते. सबंध रचनेची लय तिच्या सर्वांत कठीण बारनें ठरते.

चौथी कसोटी देहाची. पियानोवरील एका स्वरापासून त्याच नांवाच्या वरच्या स्वरापर्यंतचें अंतर सुमारें साडेसोळा सेंटिमीटर असतें. अंगठा आणि करंगळी यांनीं एवढें अंतर मनगट सैल ठेवून घेतां येत नसेल, तर ज्या रचनेंत असे जोडस्वर पानोपानीं आहेत ती आज आपली नव्हे. येथें हट्ट कामाचा नाहीं. जर्मन रचनाकार शूमान यांना तरुणपणींच उजव्या हातास इजा झाल्यामुळें वादक होण्याची आकांक्षा सोडावी लागली. बोटें दमणें निराळें आणि दुखणें निराळें. दमलेला हात विश्रांति मागतो. दुखणारा हात "हें नको" असें सांगत असतो.

पांचवी कसोटी कानाची, आणि आमच्या मतें सर्वांत खरी. वाजवितांना आपणांस आपलेंच वादन ऐकूं येतें काय? सगळें लक्ष पट्ट्या शोधण्यांत गेलें, आणि कानासाठीं कांहींच शिल्लक राहिलें नाहीं, तर स्वर बरोबर लागले तरी तें संगीत झालें नाहीं. जी रचना वाजवितांना आपण मधूनच स्वतःशीं म्हणूं शकतों कीं, ही ओळ थोडी हलकी हवी होती, ती रचना आपली.

येथें कोणी विचारील कीं, परीक्षांच्या इयत्ता आहेतच, मग एवढा खटाटोप कशास? लंडनमध्यें 1889 सालीं स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डानें, तसेंच ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेनें, अगदीं आरंभीच्या परीक्षेनंतर पहिल्यापासून आठव्यापर्यंत ग्रेड ठरविले आहेत. दोन्ही संस्थांच्या परीक्षा भारतांतही होतात आणि त्यांच्या याद्यांत प्रत्येक ग्रेडास योग्य अशा रचना निवडून दिलेल्या असतात. आम्ही त्या याद्या नेहमीं जवळ ठेवितों. अनोळखी गांवीं जातांना मैलाचे दगड उपयोगीच पडतात. परंतु दगडावर अंतर लिहिलेलें असतें. चालणाऱ्याच्या पायांतील काटा त्याला दिसत नाहीं. एका विद्यार्थ्याचा हात मोठा पण लय कच्ची. दुसऱ्याची लय पक्की पण स्वरलेखन वाचण्याची गति मंद. दोघेही तिसऱ्या ग्रेडचे असले तरी त्यांना एकच रचना सारखी सोपी नसते.

शिवाय सोपें कशास म्हणावें हाही प्रश्न आहेच. मोत्सार्ट यांनीं 1788 सालीं सी मेजरमधील एक लहान सोनाटा लिहिला आणि स्वतःच्या यादींत तो नवशिक्यांसाठीं असल्याचें नोंदविलें. पानावर तो पांढरा स्वच्छ दिसतो. परंतु त्यांतील प्रत्येक स्वर उघडा आहे. एखादा किंचित् जोरानें पडला किंवा क्षणभर उशिरा आला तर शेवटच्या बांकावरील मुलासही तें कळतें. भरगच्च रचनेंत एखादी चूक गर्दींत लपून जाते. विरळ रचनेंत तिला लपावयास जागाच नसते.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे नववींतली एक मुलगी पियानो शिकत होती. कान उत्तम, श्रम करण्याची तयारी भरपूर, शिकून झालेलीं वर्षें मात्र दोनच. त्या वर्षीं संमेलनास बाहेरगांवचे पाहुणे येणार होते. आम्हीं तिला बेथोव्हेन यांच्या 1801 सालच्या सोनाट्याचा पहिला भाग दिला. 'मूनलाइट' या नांवानें तो सर्वत्र ओळखला जातो, जरी तें नांव बेथोव्हेन यांनीं दिलेलें नसून त्यांच्या पश्चात् रूढ झालेलें आहे. त्याचा तिसरा भाग वादळासारखा आहे व तो शाळकरी मुलांच्या हातचा नव्हे, हें आम्हांस माहीत होतें. पहिला भाग मात्र संथ आहे. पानावर दाटी नाहीं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे स्वर अखंड वाहत असतात. आम्हांस वाटलें, संथ म्हणजे सोपें.

हीच आमची चूक. डोळ्यांच्या कसोटीवर आम्ही विसंबून राहिलों आणि बाकीच्या चार घेतल्याच नाहींत. त्या भागांत उजव्या हाताच्या आंतल्या बोटांनीं ते तीन-तीन स्वर अगदीं हळुवार वाजवावयाचे असतात आणि त्याच हाताच्या दुबळ्या बोटांनीं वरची मुख्य चाल उठून दिसेल अशी गावयाची असते. एकाच हातानें एकाच वेळीं कुजबुजावें आणि बोलावेंही, तसें हें आहे. आरंभींच चार शार्प, आणि पुढें आणखी पडत जातात. डाव्या हातास जवळजवळ सर्वत्र खालचा स्वर आणि त्याच्याच वरच्या सप्तकांतला स्वर असा जोड एकदम धरावा लागतो. त्या मुलीच्या हातास सात पांढऱ्या पट्ट्या सुखानें पुरत; आठवीसाठीं मनगट वांकडें करावें लागे. हें आम्हांस दिसत होतें.

दुसऱ्या आठवड्यांत ती म्हणाली, "सर, डावा हात दुखतो."

आम्हीं म्हटलें, "होईल सवय."

हे दोन शब्द आम्हीं परत घेऊं शकलों असतों तर! त्या वेळीं आमचें लक्ष तिच्या हाताकडे नव्हतें. पाहुण्यांच्या पुढें आमच्या शाळेची मुलगी बेथोव्हेन वाजविणार, आणि तिला तें कोणीं शिकविलें असें कोणी तरी विचारणार, याकडे होतें. रचना तिच्यासाठीं निवडली असें आम्ही म्हणत होतों. खरें पाहतां ती आम्हीं आमच्यासाठीं निवडली होती. सोळाव्या वर्षीं आम्ही बाईंशीं खोटें बोललों होतों. चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःशींच बोललों.

कार्यक्रमाच्या दिवशीं पहिलें पान नीट पार पडलें. पुढें डाव्या हाताची करंगळी घसरली आणि भलताच स्वर लागला. जलद रचनेंत चूक झाली तर ती पुढच्या स्वरांखालीं बुडून जाते. संथ रचनेंत ती घुमत राहते. तिनें जागा शोधण्याचा प्रयत्न केला. हात थांबले. सभागृहांत इतकी शांतता झाली कीं, वरच्या पंख्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. मग ती उठली, तिनें शिकविल्याप्रमाणें मान लववून नमस्कार केला आणि ती आंत निघून गेली. टाळ्या झाल्या, त्या दयेच्या होत्या.

पडद्यामागें ती आम्हांस म्हणाली, "सर, माझेंच चुकलें."

आम्हीं म्हटलें, "हरकत नाहीं."

या उत्तराची आम्हांस अधिक लाज वाटते. "हरकत नाहीं" म्हणजे चूक तुझी, आम्ही ती पोटांत घालतों. जी चूक आमची होती ती आम्हीं तिच्या पदरीं बांधली आणि वर उदारपणाचा आव आणला. त्यानंतर ती पियानोच्या तासाला आली नाहीं. अभ्यास आहे, असें सांगे. हात बरेच दिवस दुखत होता हें आम्हांस तिच्या आईकडून मागाहून समजलें.

पुढील वर्षीं संमेलनाची यादी करतांना तिचें नांव लिहावें किंवा नाहीं असा विचार आला आणि लेखणी थांबली. दुसऱ्या दिवशीं तिला बोलावून आम्हीं सांगितलें, "बाळ, गेल्या वर्षीं चूक तुझी नव्हती. ती रचना तुझ्या हाताची नव्हती, आणि हें ओळखणें आमचें काम होतें. तूं हात दुखतो म्हणालीस तेव्हांच आम्हीं ती बंद करावयास हवी होती."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग हें तेव्हांच कां नाहीं सांगितलें, सर?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

हें वाचून एखाद्या विद्यार्थ्यानें असा अर्थ काढूं नये कीं, कठीणाच्या वाटेस जाऊंच नये. तोही एक दोष आहे, आणि आमच्या पाहण्यांत असे विद्यार्थी आहेत कीं, जे पांच वर्षें त्याच चार चालींवर समाधान मानून बसले आहेत. ज्या रचनेंत एकही खूण करावी लागत नाहीं ती मनोरंजनास चांगली, शिक्षणास अपुरी. बहुतेक भाग आजच्या आवांक्यांत आणि एखादी गोष्ट त्याच्या बोटभर वर, असें प्रमाण असावें. एका वेळीं नवी गोष्ट एकच असावी: लय नवी असेल तर शार्प-फ्लॅट ओळखीचे असावे, दोन्हीही नवीं असतील तर निदान हातांची ठेवण जुनी असावी.

रचनाकारांनींच अशा पायऱ्या बांधून ठेविल्या आहेत. शूमान यांनीं 1848 सालीं लहानांसाठीं एक संग्रह लिहिला. त्यांत आरंभीं अगदीं लहान मुलांच्या रचना आहेत आणि पुढील भाग मोठ्या मुलांसाठीं आहे. कठीण रचना कशाबशा वाजविण्यापेक्षां सोप्या रचना सुंदर वाजविणें बरें, अशा आशयाचा उपदेशही त्यांनीं तरुण संगीतकारांस केलेला आहे. हंगेरीचे बार्तोक यांच्या 'मिक्रोकॉसमॉस' या सहा भागांच्या ग्रंथांत 153 रचना असून पहिली अगदीं नवशिक्याची व शेवटच्या कसलेल्या वादकाच्या आहेत. पहिले दोन भाग त्यांनीं आपल्या मुलास अर्पण केले आहेत. मोठ्या रचनेचें कोणी तरी सोपें केलेलें रूप वाजविण्यापेक्षां, मुळांतच सोपी म्हणून लिहिलेली चांगली रचना वाजविणें आम्हांस अधिक मानाचें वाटतें. पहिल्यांत उणें काय आहे याचीच आठवण होत राहते. दुसऱ्यांत उणें कांहींच नसतें.

त्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. आमच्या त्या बोलण्यानंतर दोनएक आठवड्यांनीं ती एक जुनें पुस्तक घेऊन आली. त्यांत जी मेजरमधील एक मिन्युएट होती. बाख यांच्या घरांतील 1725 सालच्या वहींत ती उतरून घेतलेली आहे, त्यामुळें ती दीर्घकाळ बाख यांचीच समजली जात असे. ती क्रिस्टियान पेट्सोल्ड यांची आहे हें 1970 नंतरच्या दशकांत स्पष्ट झालें. सारे 32 बार. तिनें आमच्यादेखत पान शेवटापर्यंत पाहिलें, सर्वांत अवघड वाटलेल्या जागेवर बोट ठेविलें, तेवढीच जागा संथपणें वाजविली, आणि मग डावा हात उचलून पट्ट्यांवर पसरून पाहिला.

"सर, हें माझ्या हाताचें आहे ना?"

आम्ही या वेळीं घाईनें 'होय' म्हटलें नाहीं. "एकदां पुरें वाजव, मग सांगतों," असें म्हटलें. तिनें वाजविलें. दोन ठिकाणीं अडली, हंसली, पुढें गेली. शेवटच्या बारपाशीं तिनें लय जरा सैल सोडली. तसें करावयास कोणीं शिकविलें नव्हतें. तिला तें ऐकूं आलें होतें. आम्हीं सांगितलें, "होय, तुझ्या हाताचें आहे."

त्या वर्षींच्या संमेलनांत ती मिन्युएट दोन मिनिटांत संपली. पाहुण्यांपैकीं कोणीं विशेष कांहीं बोललें नाहीं, आणि कोणीं शिकविलें असेंही कोणीं विचारलें नाहीं. कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलतांना पांचवींतला एक मुलगा जिन्यावर तीच चाल गुणगुणत उतरतांना आम्हीं ऐकला. आम्हांस तेवढें पुरें वाटलें.

असो. विद्यार्थिमित्रहो, यंदाही तुम्ही आमच्या दाराशीं याल आणि "सर, हें मला बसेल का?" असें विचाराल. अवश्य या. मोबाईलवरील तो मुलगा किती जलद वाजवितो हें आम्ही कौतुकानें पाहूं. मग तुमच्या हातांतलीं पानें मागून घेऊं आणि शेवटच्या पानापासून उलटूं लागूं. आणि दुसऱ्या आठवड्यांत जर कोणी म्हणालें कीं, "सर, हात दुखतो," तर त्याच क्षणीं पुस्तक मिटूं. एवढें वचन या पानावर लिहून ठेवितों.